घाटे भरतानाचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

रेणापूरजवळच्या एका प्रयोगाच्या शेतावर मी नोकरीला होतो. काम साधं — कमी पाण्यात कोणतं पीक किती उतरतं ते मोजायचं. त्या हंगामात हरभऱ्याच्या एका तुकड्याला एकच पाणी होतं, शेजारच्याला दोन. दुसरं द्यायचं ते घाटे — हरभऱ्याच्या शेंगा — भरताना.

नेमका त्या आठवड्यात मी लातूरला गेलो. मुलीला क्लासजवळ खोली मिळत नव्हती, चार दिवस तिथंच मोडले. परत आलो तर पाण्याची पाळी चुकलेली. वहीत मात्र मी लिहिलं — दुसरं पाणी दिलं. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? फार तर साहेबांची बोलणी खाल्ली असती.

काढणीला दोन्ही तुकडे सारखेच उतरले. उतरणारच की — पाणी दोघांनाही एकच मिळालं होतं. पण बैठकीत मी शेतकऱ्यांना सांगितलं, हरभऱ्याला दुसरं पाणी वाया जातं, ते वांग्याला द्या. ठासून सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात रुक्मिणबाई आल्या. किल्लारीकडच्या. भूकंपात नवरा गेला, तेव्हापासून इथं माहेरच्या रानात राबायच्या. विहिरीत एका पाळीपुरतंच पाणी उरलं होतं.

“सायेब, घाटे भरायलेत. पानी हरभऱ्याला देऊ का वांग्याला?”

तेव्हा बोलता आलं असतं — नाही का?

“वांग्याला,” मी म्हणालो.

हरभरा पोचट निघाला. वांगी त्या एका पाण्यावर आठ-दहा दिवस तगली, मग त्यांचीही फुलं गळाली. रुक्मिणबाईंनी मला बोल लावला नाही. “मीच वांगी लई लावली,” म्हणाल्या. आणि आपल्या मुलीला लातूरच्या क्लासमधून काढून घरी आणलं. माझी मुलगी शिकत राहिली. दोघी एकाच बाकावर बसायच्या — हे मला ठाऊक होतं.

पुढच्या साली तोच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी मी पाण्याच्या दोन्ही पाळ्या वेळेवर दिल्या. दुसऱ्या पाण्याचा तुकडा घाट्यांनी वाकला. रुक्मिणबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

“औंदा लई भरलाय की. काय केलं?”

“थंडी चांगली पडली,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि आपल्या रानाकडं गेल्या. तिथं त्या दिवशीही पाणी वांग्यालाच चाललं होतं.