फुंकर

आज सकाळी लेकीच्या शाळेच्या बसची वाट पाहताना थंडीने माझ्या तोंडातून वाफ निघाली आणि महाबळेश्वरची सुट्टी आठवली. तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. माझ्या तोंडातली वाफ बघून ती "बाबा गलम!" म्हणाली आणि आम्ही तिच्या भातावर घालायचो तशी फुंकर तिने माझ्यावर घातली.

"थांब, मोबाइल आणते!" म्हणत बायको खोलीत पळाली. मोबाइल सापडेपर्यंत ऊन वर आलं होतं आणि वाफ दिसेनाशी झाली होती. व्हिडिओत नुसते आमचे आवाज आहेत, "परत कर ना, राणी!", आणि गोंधळलेली ती. मोबाइल शोधला नसता, तर तिने आणखी किती वेळ मला निववलं असतं, कोण जाणे.

बस आली. ती मागे न बघता चढली. मी मात्र उगाच तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.