आचाऱ्यांच्या जागेसाठी

कचेऱ्यांच्या रस्त्यावर टायपिंगबाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर नि स्कॅनर, आणि गिऱ्हाइकाने फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम दुरुस्त न केलेली एक डुगडुगती खुर्ची. बाईंची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी तीच जुनी बटणं चालतील असा एक फॉन्ट शोधला आणि त्याला जी मिठी मारली ती सोडली नाही. नवा फॉन्ट सगळीकडे चालतो, असं कोणी सुचवलं की "मग सगळीकडे जा, इथे कशाला आलात?" हे ठरलेलं उत्तर. दुसऱ्याच्या मजकुरातली चुकलेली वेलांटी त्या लांबून पकडत. पण पाठवलेली फाइल उघडत नाही अशी तक्रार आली, की मान वर न करता म्हणत, "इथून बरोबर गेलीय. तिकडच्यांना विचारा."

काम चोख, तोंड फटकळ. लोक बोलणी खात नि पुन्हा येत.

घरी त्या आणि त्यांचे धाकटे दीर. नवरा गेल्यावर बाई बरीच वर्षं एकट्याच राहिल्या होत्या. मग भावजी ज्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते, ते कॅन्टीन बंद पडलं आणि ते चार दिवस म्हणून राहायला आले. चार दिवसांचं वर्ष कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बाई दमून घरी आल्या की ताट वाढलेलं असे. नवऱ्याच्या माघारी स्वतःपुरतं काहीतरी उकडून खाणाऱ्या बाई अंगाने जरा भरल्यासुद्धा.

भावजींचं मात्र मन रमत नव्हतं. शंभर माणसांचं रांधणारा माणूस. दोघांचं करायला घेतलं तरी पातेलं भरून करी आणि मग शेजारीपाजारी वाटत फिरे.

"हात आखडल्यासारखा होतो, वहिनी," ते म्हणत. "मूठभर मीठ टाकायची सवय. आता चिमटीत धरायचं म्हणजे..."

अशात त्यांना एका निवासी शाळेची जाहिरात दिसली. स्वयंपाकघरासाठी आचारी हवे होते. राहणं तिथेच. अर्ज पीडीएफ करून ईमेलनेच पाठवायचा होता, आणि जाहिरात नजरेस पडली तोवर मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता.

"त्यात काय एवढं!" म्हणून बाईंनी अर्ज झरझर टाइप केला. पीडीएफ केली, आणि घरचंच काम म्हणून पाठवण्याआधी आपल्या मोबाइलवर उघडून पाहिली. अक्षरांच्या जागी नुसती गिचमिड. बाईंचा लाडका फॉन्ट मोबाइलमध्ये नव्हता, आणि तो फाइलच्या आत बांधून पाठवायची खूण कुठे करतात हे बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं.

"इथून बरोबर गेलंय," भावजी हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

मग त्यांनी अर्ज छापला, कॅन्टीनच्या मॅनेजरच्या शिफारसपत्रासकट स्कॅन केला आणि त्या चित्रांची पीडीएफ केली. ती पाठवली तर तशीच परत आली. फाइल फार जड आहे म्हणे. स्कॅन बारीक करून पाहिला, तर शिफारसपत्र धुक्यात गेलं. प्रिंटरला, शाळेला, ईमेल शोधून काढणाऱ्याला बाईंनी यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी ते केलं जे कधीच करायचं नाही असं ठरवलं होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्यात बदलून देणारी एक सोय इंटरनेटवर असते. तीत अर्ज टाकला, नवा मजकूर घेतला, त्याची पीडीएफ केली. मोबाइलवर अक्षरं स्वच्छ दिसली. शिफारसपत्राची वेगळी फाइल जोडली आणि ईमेल एकदाची गेली. दुकान बंद करायची वेळ झाली होती. अर्ज पुन्हा वाचायचा मात्र राहून गेला.

पुढे काही दिवस शाळेकडून काही आलं नाही. भावजी विचारत नव्हते आणि बाईही विषय काढत नव्हत्या. ताट रोजच्यासारखं वाढलेलं असे.

मग एकदा भावजी दुकानात आले असताना उत्तर आलं. "आचार्य पदासाठी आवश्यक ती पदवी नसल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही."

भावजी आधी गोंधळले आणि मग पोट धरून हसले. "एवढं शिकलो कधी मी?"

बाईंनी पाठवलेली फाइल उघडली. आपण टाइप केलं होतं, "आचाऱ्यांच्या जागेसाठी अर्ज". पडद्यावर होतं, "आचार्यांच्या जागेसाठी अर्ज". मजकूर बदलून देणाऱ्या त्या सोयीला आडवा र कळत नव्हता. तिने दिसेल त्या ऱ्याचा र्या केला होता. खाली "बऱ्याच वर्षांचा अनुभव" होता, त्याचाही "बर्याच" झालेला. त्या शाळेत वरच्या वर्गांच्या शिक्षकांना आचार्य म्हणत आणि त्यांच्याही जागा भरायच्या होत्या. कारकुनाने वरची ओळ वाचून अर्ज तिकडच्या गठ्ठ्यात टाकला असणार.

"जाऊ द्या, वहिनी," भावजी म्हणाले. "नशिबात नव्हतं. उद्या काय करू जेवायला?"

बाईंनी फाइल बंद केली. गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. फाइल त्यांनीच केली होती, त्यांनीच पाहिली होती, आणि भावजी तर जाऊ द्या म्हणूनच बसले होते. त्यांनी फोन उचलला आणि शाळेचा नंबर लावला.

"चूक माझ्याकडून झाली," त्या म्हणाल्या. असं बोलायची सवय नसल्याने वाक्य जरा मोठ्यानेच निघालं. "माणूस शिक्षक नाही, आचारी आहे. चांगला आचारी आहे."

पलीकडचा कारकून आधी वैतागला, मग त्यालाही हसू आलं. मुख्य आचारी अजून मिळालेला नव्हता. नवा अर्ज लगेच पाठवा, म्हणाला. बाईंनी नव्या फॉन्टची बटणं एकेक शोधत, एका बोटाने अख्खा अर्ज पुन्हा टाइप केला. आडवा र कुठे दडलाय ते सापडेपर्यंत भावजी कोपऱ्यावरून चहा घेऊन आले. फाइल गेल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला. कारकुनाला ती उघडायला लावली आणि वरची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली.

त्याने बरोबर वाचली.

आठवड्याच्या आत भावजींना बोलावणं आलं. त्यांनी तिथे एका दुपारचं सगळ्या मुलांचं जेवण करून दाखवलं आणि नोकरी घेऊनच परतले. निघायच्या सकाळी ते बॅग भरत होते आणि बाई दारात उभ्या होत्या.

"काय हो वहिनी," ते थट्टेने म्हणाले, "ती चूक मुद्दाम तर नव्हती ना?"

बाई हसल्या नाहीत. "मुद्दाम नव्हती. पण उत्तर येत नव्हतं ना भावजी, तेव्हा मला बरं वाटत होतं."

भावजींनी बॅगेची चेन अर्धी लावली होती. ते तिथेच थांबले.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "म्हणून तर तेव्हा मी शाळेत चौकशीचा फोन केला नाही."