इसहाक म्हणजे

मी हसलो, आणि वर नाही म्हणालो. हे आधीच कबूल करतो.

हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या समोर राहणारा ख्रिस्ती शेजारी मूळचा नागपूरकडचा. हिब्रू त्याला येत नाही, पण बायबलमधल्या नावांचे अर्थ तोंडपाठ. गोल बाजारात पातेल्याचा भाव करतानाही दुकानदाराला ऐकवणार, "दानीएल मतलब, ईश्वर मेरा न्यायाधीश. अब सही भाव लगाओ भैया!" आणि दुकानदाराआधी स्वतःच हसणार.

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही त्यांना मूल नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी तो आमच्या फाटकाशी आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी बाप होऊन राहिलो."

मला हसूच फुटलं. समोरच्या दारात त्याची बायको उभी होती. तिचा चेहरा उतरलेला पाहून मी घाईघाईनं म्हणालो, "हसलो नाही हो, ठसका लागला."

त्यानंतर तो मान खाली घालून फाटकावरून जाऊ लागला.

मुलाचं नाव ठेवायला मात्र त्यानं बोलावलं. बाळ माझ्या हातात देत म्हणाला, "इसहाक. म्हणजे तो हसतो. म्हातारपणी पोरगा होणार ऐकून बायबलातली त्याची माय सारा हसली, अन् भिऊन 'मी नाही हसली' म्हणाली. पण देवानं तिले हाकललं नाही, भाऊ."

बाळ छातीशी धरून मी आत त्याच्या बायकोकडे गेलो.

"वहिनी, त्या दिवशी ठसका नव्हता. मी हसलोच होतो. मला माफ करा."