कडेने जाणारा प्रल्हाद

प्रल्हाद गेल्याचं कळलं तेव्हा मी लातूरच्या आमच्या कापड दुकानात होतो. नांदेडहून त्याची लेक संघमित्रा फोनवर होती. "विश्वनाथकाका, पप्पा सकाळी गेले... झोपेतच." महिना उलटला. पण प्रल्हाद आठवला की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू?

आमची ओळख पटावरची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्या आनंदात एका शाळेत बुद्धिबळाची खुली स्पर्धा भरली. दुष्काळाचे दिवस. नळाला पाणी नाही, म्हणून खेळाडूंनी प्यायचं पाणी घरून आणायचं. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर नांदेडचा रेल्वे कारकून प्रल्हाद. जिंकेल तो पहिला. बुद्धिबळाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे माझे वडील, बापू, त्या दिवशी चक्क दुकान बंद ठेवून माझ्यामागे उभे होते.

प्रल्हादने पहिलीच चाल कडेची केली. वजिराकडच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. बघे हसले. मीही म्हणालो, "अहो, डाव मधून सुरू करतात."

"मधी लई गर्दी हाय," तो म्हणाला, "आपुन कडंनं जाऊन राहिलो."

मी ऐटीत मधली घरं धरली. प्याद्याने सोडलेल्या घरात त्याचा उंट येऊन बसला, पटाच्या दुसऱ्या टोकाकडे तिरकं बघत. त्याच्या वाटेत माझा एकच घोडा होता. हल्ल्याच्या नादात मी तोच उचलला... आणि उंटाने थेट कोपऱ्यातला हत्ती मारला. पुढे दहा-बारा चालींत मी राजा आडवा केला. मागे वळून बघायची हिंमत होईना.

बापू पुढे आले. प्रल्हादच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, घरी जेवायला चला. ती चाल मलाबी दावा."

बापूंना मोहऱ्यांची नावंही ठाऊक नव्हती. जेवण होताच दोघं पट घेऊन बसले, ते प्रल्हादची एसटी चुकेपर्यंत!

अलीकडे प्रवास झेपेना, म्हणून आम्ही फोनवर खेळायचो. दिवसाला एक चाल. शेवटचा डाव अर्धाच राहिला. परवा नांदेडला गेलो, तर त्याच्या खाटेजवळ तो तसाच मांडलेला. संघमित्राने चाली लिहायची त्याची वही उघडून दिली. शेवटच्या चालीखाली बारीक अक्षरात ओळ होती, "विश्वनाथ जिंकून राहिला. त्याला अजून कळालं न्हाई."

आम्ही दोघंही खो खो हसलो. मग मी खाटेवर बसून, आपण नेमके कसे जिंकतोय, ते शोधू लागलो. संघमित्राने दोनदा चहा दिला...

अजून सापडलेलं नाही.