सात वांव, सात हजार फूट

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लहानपणी गावात कुणी पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सुरू केली की मी मुद्दाम त्याच पिंपळाखाली जाऊन बसायचो. पुढे विमान चालवून पोट भरलं, म्हणजे उभा जन्म काटे आणि आकडे यांच्या भरवशावर काढला. तेव्हा हे वाचून "म्हातारा चळला" असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटो... घडलं तसं लिहितोय.

गोवा मुक्त झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही हकीकत. मी तेव्हा मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबात पायलट होतो. वय तिशीच्या आत, आणि अंगात मस्ती पुरेपूर. गणपतीची चवथ दोन दिवसांवर आली असताना क्लबचं चार सीटचं छोटं विमान गोव्याला पोचवायचं काम निघालं. आमचा मेकॅनिक भिकाजी बांद्याचा. त्याला सुगावा लागला आणि तो माझ्या मागेच लागला. "साहेब, माका घेवन चला. गणपती घरात येवच्या आधी पोचाक व्हया." गोव्याची हद्द ओलांडली की बांदा लगेचच. घेतलं त्याला. आरतीसाठी घेतलेले नवेकोरे पितळी टाळ मांडीवर धरून स्वारी माझ्या उजव्या हाताला बसली. घरी बायको आणि पाच पोरं वाट बघत होती.

इथे माझ्या मामाबद्दल सांगायला हवं. तारकर्लीचे बाबलमामा. शाळा दुसरीपर्यंत, पण मालाच्या मचव्यावर तांडेल होते, म्हणजे कप्तानच म्हणा ना. त्यांच्यासारखा दर्या वाचणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पावसाळी अंधारून आलं की दोरीला शिशाचा गोळा बांधून ती पाण्यात सोडायची आणि खोली मोठ्याने ओरडून सांगायची. दोन्ही हात पसरले की होते तेवढी दोरी म्हणजे एक वांव, आणि दर वांवेला दोरीवर एक गाठ. कॉलेजच्या सुट्टीत एकदा ते काम माझ्याकडे आलं होतं. मी ओरडलो, "सात वांव!" थोड्या वेळाने पुन्हा, "सात वांव!" तिसऱ्यांदा "सात वांव" म्हणालो मात्र, मामांनी सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं, तरातरा आले आणि माझ्या डाव्या कानाखाली अशी वाजवली की तारे दिसले.

"दोरी वयर काढ, रे मेल्या!"

वर काढली. गोळा खडकात अडकून केव्हाच तुटला होता. नुसती दोरी लोंबत होती आणि मी गाठी बघून आपला आकडा ठोकून देत होतो! पुढे खडक होता, थोडक्यात वाचलो.

"तिनदा एकच आकडो इलो तर दर्याक इचारू नको, दोरयेक इचार," मामा म्हणाले. "दर्यो कधी सारखो आसता?"

असे हे मामा माझ्या त्या फेरीच्या दोन वर्षं आधी अर्धांगवायूने खाटेला खिळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी विमान घेऊन तारकर्लीवरून जायचो तेव्हा मनातल्या मनात नमस्कार करायचो, एवढंच.

तर त्या दिवशी रत्नागिरी मागे पडली आणि आम्ही ढगात शिरलो. काचेबाहेर नुसतं पांढरं, दुसरं काही नाही. अशा वेळी अंगाला काय वाटतं ते खोटं मानायचं आणि समोरचे काटे खरे मानायचे, हा आमचा पहिला धडा. रेडिओवरून उंची नेमून दिली होती, सात हजार फूट. ती सोडायची नाही, कारण वर-खाली दुसरी विमानं असू शकतात. वाटेत पावसाच्या जबरदस्त सरी लागल्या. त्यांतून बाहेर आलो आणि उंचीचा काटा सात हजारावर असा काही बसला की बस्स! एक केस वर नाही, एक केस खाली नाही. मी भिकाजीला म्हटलं, "बघ रे, हेका म्हणतत हात!"

"साहेब, तुमचो हात म्हणजे सोन्याचो," तो म्हणाला. मी फुगलो. वेग जरासा वाढलेला दिसला म्हणून इंजिन थोडं कमी केलं. पुन्हा वाढला, पुन्हा कमी केलं.

मालवणच्या आसपास असू. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. आणि डाव्या कानाशी कुणीतरी ओरडलं —

"सात वांव!"

डावीकडे खिडकी होती. खिडकीपलीकडे ढग. मी भिकाजीकडे वळलो, "काय म्हणालंस?" तो म्हणाला, "मी? काय नाय!" तेवढ्यात पुन्हा, "सात वांव!" या वेळी आवाज ओळखला आणि अंगावर सर्रकन काटा आला. मामा! मचव्यावर वाऱ्याविरुद्ध ओरडायचे तसाच, खणखणीत. मग तिसऱ्यांदा, "सात वांव!" आणि पाठोपाठ —

"दोरी वयर काढ, रे मेल्या!"

डावा कान तापला... अगदी त्या दिवशी तापला होता तसा. मी काट्याकडे बघितलं. सात हजार. आत्ताही सात हजार, मघाशीही सात हजार. हवा कधी इतकी सारखी असते? मी इंजिन पूर्ण जोरात सोडलं आणि नाक वर उचललं. अंग सीटमध्ये दाबलं गेलं, इंजिन बोंबलायला लागलं, आणि काटा? जागचा हलला नाही.

"भिकाजी, काटो मेलो!"

भिकाजीचा चेहरा पांढराफटक पडला, पण गडी पक्का मेकॅनिक. उंचीच्या काट्याला बाहेरची हवा एका बारीक नळीतून मिळते. नळी तुंबली की काटा तिथल्या तिथे थिजतो, विमान चढो नाहीतर बुडो. चढ-उतार दाखवणारी शेजारची डायल त्याच नळीवर चालते. तिची काच फुटली तर विमानाच्या आतली हवा काट्यांना मिळते. "काच फोडूक व्हयी!" म्हणून तो ओरडला आणि मांडीवरचा टाळ उचलून "बाप्पा, माफ कर!" म्हणत त्याने तो काचेवर हाणला.

काच फुटली. काटा गरगर फिरत खाली आला तो सहाशे फुटांवर थांबला. सहाशे! आणि तेसुद्धा आम्ही वर चढत असताना. ढग जरासा फाटला तेव्हा खाली लाटांवरचा फेस स्वच्छ दिसला. भिकाजी हात जोडून पोरांची नावं घेत होता.

गोव्यात उतरल्यावर त्याने नळी सोडवली. आतून चमचाभर पावसाचं पाणी निघालं. खोटा काटा, त्याच नळीपायी वाढलेला दिसणारा खोटा वेग, म्हणून मीच कमी केलेलं इंजिन आणि नकळत खाली जाणारं विमान... इथपर्यंत सगळं शास्त्रात बसतं. भिकाजी चेपलेला टाळ घेऊन घरी गेला. विमान दुरुस्तीला पडलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी तारकर्ली गाठली.

मामी दारातच भेटली. मी काही बोलायच्या आत तीच सांगायला लागली. "अरे, काल काय झाला म्हायत आसा? दोन वर्सां ह्येंच्या तोंडातसून शब्द नाय. काल दुपारी मी पेज भरवी होतंय, नि एकदम 'सात वांव' म्हणान वराडले! एकदा नाय, तीनदा. मगे म्हणतत, 'दोरी वयर काढ, रे मेल्या!' माका वाटला, वातात बरळतत. त्याच्यानंतर परत गप्प."



नंतर यावर मी डॉक्टरांना विचारलं, बरोबरच्या पायलटांना विचारलं. कुणी भास म्हणालं, कुणी योगायोग. भास मला झाला असेल, मान्य. पण मग मामी काय ऐकत होती? पुढे रिटायर होईपर्यंत काटा फार वेळ स्वस्थ बसला की मी त्याला संशयाने टिचकी मारायचो, पण त्या दुपारचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

त्या दिवशी मी आत जाऊन मामांच्या खाटेजवळ बसलो. मामी चुलीकडे गेली होती आणि मी अजून कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग चालणारा हात हळूहळू उचलला, माझा डावा कान पकडला, आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले... मारलेल्या पोराला नंतर जवळ घ्यावं, तसे. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.