नाक्यापासून नदीपर्यंतची उतरण

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मला मलेरिया खात्यात नोकरी लागली आणि जऊळक्याच्या उत्तरेकडचा जंगलपट्टा माझ्या वाट्याला आला. काम सोपं होतं. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं आणि कोणाला ताप येऊन गेला का ते विचारायचं. आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे थेंब घ्यायचे, गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि भिंतीवर तारीख टाकून सही करायची. लोक मला मलेरियावाला म्हणत. पोरं रगतवाला म्हणत आणि पळून जात.

आमच्या घरात पगारी नोकरी करणारा मी पहिला. वडिलांचा जन्म लोकांच्या शेतात गेला. भिंतीवर सही करण्याचे कोणी पैसे देतं, हे त्यांना शेवटपर्यंत नीट पटलं नाही. सायकल मेव्हण्यानं दिली. तो रेल्वेच्या रुळांवर कामाला होता आणि त्याच्या मते सायकल सपाट जमिनीसाठीच केलेली असते. माझ्या वाट्याला आलेल्या वाटेत सपाट जमीन अशी नव्हतीच.

माझ्या यादीतल्या तीन वाड्या जंगलापलीकडच्या पठारावर होत्या. सडकेनं वळसा घालून गेलं की जाण्यातच दिवस जायचा. म्हणून मी जंगलातनं जायचो. आधी शेतांमधली पांधण, मग नदी, मग सागाच्या जंगलातनं चढ, चढ संपला की जंगल खात्याचा नाका आणि त्यापुढं पठार. जाताना सायकल ढकलायची, येताना तिच्यावर बसायचं. पावसाळ्यात पांधणीतली काळी माती मडगार्डात अशी गच्च बसायची की चाकं फिरायची थांबत. पहिल्याच पावसाळ्यात मी दोन्ही मडगार्ड काढून घरी ठेवले. आईनं त्यातल्या एकाचा उपयोग चुलीतली राख ओढायला केला.

उतरणीवर सायकल चालवायला मला कोणी शिकवलं नाही. सीटवर बसून उतरलं तर दगड थेट मणक्यात बोलतात, हे दोन दिवसांत कळलं. मग मी पायडलवर उभा राहू लागलो. गुडघे सैल ठेवायचे आणि सायकलला खाली काय करायचं ते करू द्यायचं. उन्हाळ्यात सागाची पानं गळून वाटभर पसरत, त्यांच्यावर ब्रेक दाबला की सायकल आडवी. मुरमावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली तर तिलाच ठरवू द्यायचं, कारण ती मोठी आहे. आता लोक हौसेनं, डोक्याला टोप घालून असल्या वाटांवर जातात म्हणे. मी रजिस्टर भरायचं म्हणून जायचो. पण खोटं का सांगू, त्या उतरणीसाठी मी कधीकधी वाड्यांमधलं काम लवकर उरकायचो.

नाक्यावर जंगल खात्याचा गार्ड राहायचा. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात. चाळिशीचा, उंच, पोटऱ्यांना खाकी पट्ट्या गुंडाळलेला आणि नियमाला फार पक्का माणूस. पहिल्या दिवशी त्यानं मला थांबवलं.

"हे काय हाय?"

"सायकल."

"थे मलेबी दिसते. राखीव जंगलात वाहन नेता येत नाई."

मी सायकल खांद्यावर घेतली. "आता हे वाहन नाई साहेब. ओझं हाय."

त्यानं माझ्याभोवती एक चक्कर मारली. "ओझ्याले पास लागते."

"पास कोन देते?"

"मीच देतो."

"मंग द्या."

"पासबुक संपलं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी नाक्यासमोरून सायकल खांद्यावर घेऊन चालत जायचो आणि वळणापलीकडे तिच्यावर बसायचो. त्याला ते माहीत होतं. परत येताना मी वळणाअलीकडे उतरायचो, तेही त्याला माहीत होतं. दोघंही सरकारी नोकर असल्यामुळे आम्ही ते वाढवलं नाही.

त्याच्या घराच्या भिंतीवर मात्र त्यानं मला सही करू दिली नाही. भिंत सरकारी आहे, तिच्यावर लिहायला वरून परवानगी लागते, असं त्याचं म्हणणं. ताप आहे का विचारलं तर "नाई" म्हणायचा. प्यायला पाणी मागितलं तर त्याची बायको आणून द्यायची. भांड्यातनं, वरून, माझ्या ओंजळीत. मी कोणत्या घरचा, हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. ओंजळीतलं पाणी मी प्यायचो. तहान लागलेली असायची.

पोळा होऊन गेल्यावरची गोष्ट. वाड्यांमध्ये त्या पंधरवड्यात ताप फार होता. पहिल्या दोन वाड्यांचं रक्त घेऊन, काचपट्ट्यांची लाकडी पेटी कॅरिअरला बांधून मी दुपारी परत निघालो. वळणाअलीकडे उतरतो तर नाकेदाराची बायको वाटेच्या मधोमध हात पसरून उभी.

"भाऊ, थांबा. याईले तीन दिवस झाले ताप हाय. हवा लागली म्हनते. आज मले वळखूनच नाई राह्यले."

आत नाकेदार खाटेवर पडला होता. डोळे पिवळे, ओठ फुटलेले. मला पाहून म्हणाला, "पास दाखव." मग बायकोकडे पाहून तिलाही तेच म्हणाला. मी त्याचं बोट धरून सुई टोचली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं हरकत घेतली नाही, आणि मी घाबरलो ते त्यामुळे.

"याईले दवाखान्यात न्यावं लागते," मी म्हणालो. "बैलगाडी?"

"वाडीतल्या साऱ्या गाड्या बाजाराले गेल्या." ती सायकलकडे पाहत होती. "हिच्यावर बसवा."

"बसतीन का?"

"त्याईले कायले विचारता? म्या सांगून राह्यली ना."

पेटी मी घरातल्या फळीवर ठेवली. नाकेदाराला दोघांनी मिळून कॅरिअरवर बसवलं. तो एका बाजूला कलायला लागला तेव्हा तिनं त्याच्या पायाच्या खाकी पट्ट्या आणल्या आणि त्याला माझ्या पाठीशी बांधलं. गाठी तिनं दोनदा ओढून पाहिल्या. मग त्याचे बूट हातात घेतले.

"बूट कायले?"

"सरकारी हायत. मांगं कसे ठेवू?"

ती उतरण मी तोवर कितीतरी वेळा उतरलो होतो, पण एकट्यानं. मागं माणूस बांधलेला असला की पायडलवर उभं राहता येत नाही. प्रत्येक दगड दोघांच्या मणक्यांतून जात होता. त्याचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं आणि सदऱ्यातून भाजत होतं. वाट ओली होती. मी दोन्ही ब्रेक धरून ठेवले, रबर जळल्याचा वास यायला लागला, आणि निम्म्या उतारावर पुढच्या ब्रेकचं रबर निघून पडलं. एकट्या मागच्या ब्रेकनं काय थांबणार? मी चप्पल जमिनीला घासत गेलो, चप्पलही गेली. खाली वाट डावीकडे वळत होती. आम्ही वळलो नाही. घाणेरीच्या झुडपात सरळ घुसलो आणि तिथं उभेच राहिलो, कारण पडायला जागा नव्हती.

बायको पळत आली. दोन हातांत दोन बूट.

"लागलं का?"

कोणाला ते तिनं विचारलं नाही. मी म्हणालो, "नाई." नाकेदारानं मागून विचारलं, "जंगलाचं कोनतं कंपार्टमेंट हाय हे?"

तिथून पुढं मी सायकल हातानं धरून चालवली. गाठी सोडून त्याला सीटवर घेतलं आणि तिनं एका बाजूनं आधार दिला. नदीला गुडघाभर पाणी होतं, ओढ बरी होती. काठावर त्यानं पाणी मागितलं. नदीचं गढूळ होतं. माझ्याकडे अॅल्युमिनियमची बाटली होती. मी झाकण काढून थांबलो आणि त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिनं बाटली माझ्या हातातून घेतली आणि त्याच्या तोंडाला लावली. तो संपेपर्यंत प्यायला. तिनं रिकामी बाटली मला परत दिली, लुगडं वर खोचलं आणि आमच्या पुढं पाण्यात उतरली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची पापणी ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि लगेच सलाइन लावली. मेंदूचा ताप होण्याच्या बेतात आहे, म्हणाले. दोन दिवस त्यांनी काही सांगायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी नाकेदारानं बायकोला ओळखलं आणि बूट कुठं आहेत विचारलं. ते खाटेखालीच होते.

त्याला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पेटी आणायला नाक्यावर गेलो होतो. पेटी जागेवर होती, पण मुंग्या आत शिरल्या होत्या. ताज्या रक्ताचा लेप मुंग्या चाटून खातात, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. दोन वाड्यांचं रक्त साफ झालं होतं. काचपट्ट्या धुतल्यासारख्या चकचकीत. नाकेदाराची काचपट्टी तेवढी माझ्या खिशात असल्यामुळे वाचली. मी पुन्हा वाड्यांवर गेलो.

"कालच तं रगत देल्लं," पहिल्या घरची म्हातारी म्हणाली. "थे काय केलं?"

"मुंग्यानं खाल्लं, आजी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग बोट पुढं केलं. "घे. यावेळेस माह्यासमोरच ने." वाडीत त्यानंतर माझ्याविषयी बरंच बोललं गेलं असावं. वरिष्ठांनी मेमो दिला, मी खुलासा लिहिला. खुलाशात मुंग्या हा शब्द चार वेळा आला. प्रकरण तिथंच मिटलं.

नाकेदार महिन्याभरानं नाक्यावर परतला. हाडांवर सदरा टांगल्यासारखा दिसत होता. त्या दिवसाबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. मला त्याचं वाईट वाटलं. आभाराची अपेक्षा नव्हती असं मी स्वतःला सांगायचो, पण होती. चहा मात्र मिळाला, कपबशीत. ती कपबशी घरातल्यांची की माझ्यासाठी वेगळी ठेवलेली, मला कळलं नाही. मी विचारलं नाही आणि चहा प्यायलो.

मी कप खाली ठेवला तेव्हा त्याची बायको बाहेर आली.

"भाऊ, मले सायकल शिकवा."

मी नाकेदाराकडे पाहिलं. तो खाटेवर बसून दूर जंगलाकडे पाहत होता.

"काहून?" मी विचारलं.

"त्या दिवशी सकाळी तुमी वर गेले अन् याईचं भान गेलं, तवापासून म्या रस्त्यावर उभी होती. तुमी दुपारी आले," ती म्हणाली. "पुन्हा कोनाची वाट पाह्याची नाई मले."

दर पंधरवड्याला जाता-येता अर्धा अर्धा तास, नाक्यासमोरच्या मोकळ्या जागेत मी मागून कॅरिअर धरायचो आणि ती चालवायची. नऊवारीची तिला अडचण झाली नाही. कासोटा घट्ट आवळून ती दांडीवरून सरळ पाय टाकायची. चार वेळा पडली. एकदा लाकडाच्या ढिगावर गेली आणि उठून आधी लाकडं नीट लावली. नाकेदार खाटेवरून पाहायचा. एकदाच बोलला, "हँडल पाहू नको, पुढं पाह्य."

होळीच्या आसपास तिला सोडून दिलं तरी चालवता येऊ लागलं. त्याच सुमारास माझी बदली रिसोडकडे झाली. तिथं सडका होत्या. शेवटच्या फेरीला ती म्हणाली, "एकडाव उतरून पाह्यतो." मी तिला पुढच्या ब्रेकबद्दल सांगितलं, वाळल्या पानांबद्दल सांगितलं, डावीकडच्या वळणाबद्दल सांगितलं. ती सीटवर न बसता पायडलवर उभी राहिली. हे मी तिला शिकवलं नव्हतं. मग ती सागांमध्ये दिसेनाशी झाली आणि नुसता पानांचा आवाज येत राहिला.

मी आणि नाकेदार नदीपर्यंत चालत गेलो. त्याला अजून धाप लागत होती, म्हणून दोनदा बसलो. ती पाण्यात पाय सोडून बसली होती, सायकल शेजारी जांभळीला टेकवलेली. कोपर खरचटलेलं होतं.

"पडली का?" नाकेदारानं विचारलं.

"जराशीक," ती म्हणाली.