कळलावी आत्या

आत्याला हळू बोलता येत नसे. घरची गोष्ट असो की गावची, तिचा आवाज अंगणातून थेट रस्त्यावर जाई. "हळू बोल, लोक आयकून राह्यले," असं माझे वडील म्हणाले की ती आणखी वर चढे. "आयकू दे ना! कायले लपवू? चोरी केली का मी?"

ती वडिलांची थोरली बहीण. सालेकशाजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन गेली आणि नवऱ्याच्या माराला विटून एक दिवस पेटी घेऊन परत आली. रडत आली असती तर लोकांनी माया केली असती. ती ताठ मानेनं आली. भावाच्या संसारात आता ही कळ लावणार, असं बायका बोअरिंगच्या हातपंपावर बोलू लागल्या आणि तिचं नाव पडलं, कळलावी.

त्याच पावसाळ्यात ती सात्या, म्हणजे रानातली अळंबी, वेचायला जंगलात गेली. बाकीच्या बायकांच्या टोपल्यांत सात्या होत्या. आत्याच्या पदरात नांगराच्या आकाराचा, कोंब फुटलेला कंद. तो तिनं फाटकाशी आडवा पुरला. वडिलांनी ओळखला.

"हे तं कळलावी होय! दारात लावली तं घरात भांडनं लागतेत."

"नाव गावानं देलं, झाड मी लावलं. आन् आपल्या बापानं बुद्ध धम्माची दीक्षा घेतली ना? मंग हे अपशकून तू कुठून आनले?"

वेल चढत गेला. त्याच्या पानांची टोकंच काडीला विळखा घालतात, दोर बांधावा लागत नाही. फूल आधी हिरवट-पिवळं, मग पाकळ्या वर वळतात आणि टोकांकडून तांबड्या होत जातात. फाटकाला आग लागल्यासारखी दिसे. एका वर्षी पेरणीनंतर पाऊस दडी मारून बसला. बांधीतली धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, पिवळी पडली, आईचा मोगरा वाळला. आत्यानं थेंबभर पाणी घातलं नव्हतं, तरी कळलावी फुलली. "लाड केले तं कुजते हे," ती म्हणे.

थंडीत वेल वाळून नाहीसा होई. मेला का, असं मी विचारलं की म्हणायची, "मेला नाई. निजून राह्यला." कंद विषारी, म्हणून भोवती तिनं काट्यांचं कुंपण केलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पोराला ती दटावायची, "पाह्याचं. हात लावाचा नाई. खाल्ला तं मानूस मरते."

मला पाहायला पाहुणे येणार ठरले, तेव्हा वेल ऐन बहरात होता. मध्यस्थांनी बजावलं, पाहुण्यांच्या नजरेला हे झाड पडू देऊ नका. वडील कुदळ घेऊन निघाले. आत्या कुंपणापुढे जाऊन बसली.

"पोरीच्या लग्नासाठी एक झाड नाई काढू देत तू?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू म्हनशीन तं मीच उपटतो."

"राहू दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलाची आई फाटकातच थांबली. "दारात कळलावी कोनं लावली?"

"मी," आत्या म्हणाली. "गाव मलेच कळलावी म्हनते. या ना, चहा घ्या."

चहा झाला, पोहे झाले. संध्याकाळी मध्यस्थांचा फोन आला. पोरगी पसंत होती. अट एकच, नवऱ्याला सोडून आलेली ती बाई लग्नात पुढे दिसता कामा नये. वेलाचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

वडील फोनवरच म्हणाले, "माही मोठी बहीण हाये ते. लग्नात पयले तेच बसन. तुम्हाले जमत नसन तं राहू द्या."

सोयरीक मोडली. आई रडली, आत्या त्या दिवशी प्रथमच काही बोलली नाही. वडिलांनी परसातला बांबू फाडला आणि वेलासाठी मांडव उभा करू लागले, तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला. "वाकडा होऊन राह्यला ना बे!"

पुढे मी गोंदियात नर्सिंग केलं, नोकरी धरली, माझ्या पसंतीनं लग्न केलं. विहारात पहिल्या रांगेत आत्या बसली होती.

गेल्या थंडीत ती गेली. आता तरी कंद काढून टाका, असं शेजारी म्हणाले. वडिलांनी ऐकून घेतलं आणि काट्यांचं कुंपण नवं केलं.

उन्हाळ्यात मी गावी गेले, तेव्हा पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ती माहेरी परतली होती. डाव्या कानाखाली वळ होता. एक कंद मिळेल का, म्हणाली. मी माती उकरून दिला. हात साबणानं धू, लेकरांपासून जपून ठेव, एवढं सांगितलं.

ती फाटकाशी घुटमळली. "ताई, ह्यानं घरात भांडनं होतेत म्हनतेत ना जी?"

"होतेत," मी म्हटलं. "होऊ दे."